म्हातारं मांजर घरात कुठेही शी-शू करायला लागलं तर काय करायचं आणि कुठल्या क्रमाने करायचं

आमची चिंगी १३ वर्षं एकदाही तिचा शी-शूचा ट्रे सोडून कुठे गेली नाही. मग एका उन्हाळ्यात आईच्या गोधडीवर शू सापडली, चार दिवसांनी सोफ्याच्या कोपऱ्यात, मग बाथरूमच्या पायपुसण्यावर, आणि मग जवळजवळ रोजच. घरात प्रत्येकाचं मत वेगळं. आई म्हणाली वय झालंय तिचं, आता हे असंच चालायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या रागावली असेल, तुम्ही चार दिवस गावाला गेला होतात ना. एका नातेवाइकांनी तर सरळ मासळी बाजारात सोडून या म्हणून सांगितलं, तिथे खायला मिळतं म्हणे. आणि मी काय केलं, तर लिटरचा, म्हणजे ट्रेमध्ये घालायच्या वाळूचा, ब्रँड बदलला, मग परत बदलला, मग झाकणवाला नवीन ट्रे आणला, रोज फिनाईलने घर पुसलं, आणि ह्या सगळ्यात तीन महिने गेले. शेवटी डॉक्टरकडे नेलं तेव्हा कळलं की किडनी कमकुवत झालीय आणि मागच्या दोन्ही पायांचे सांधे धरलेत. म्हणजे ते तीन महिने तिला ट्रेमध्ये चढताना दुखत होतं आणि मी लिटरचे वास बदलत बसले होते. हे मला अजून लागतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, कारण ह्या प्रकारात क्रम चुकला की मांजराचे हाल वाढतात: आधी शरीर बघायचं, मग ट्रे, मग घर आणि साफसफाई, आणि मनाची औषधं वगैरे अगदी शेवटी.

म्हातारं म्हणजे किती, तर साधारण १० वर्षांच्या पुढचं मांजर वयस्कर धरतात आणि १५ चं मांजर म्हणजे माणसाच्या पंचाहत्तरीच्या आसपास. ह्या वयात अचानक सवय बिघडली तर त्यामागे दुखणं असण्याची शक्यता खूप जास्त असते. सूड म्हणून मांजर गादीवर शू करत नाही. गादी, गोधडी, पायपुसणं ह्या जागा ते का निवडतं तर त्या मऊ असतात, पायाला टोचत नाहीत, ओल लगेच शोषतात, आणि गादीला तुमचा वास असतो, जिथे त्याला सुरक्षित वाटतं. त्यामुळे ओरडणं, चापटी मारणं, नाक शूमध्ये घासणं हे आजपासून बंद. त्याने मांजर फक्त एकच शिकतं, की तुमच्यासमोर शू करायची नाही, आणि मग ते पलंगाखाली, कपाटामागे लपून करायला लागतं, म्हणजे तुमचं काम अजून अवघड.

सगळ्यात आधी, थांबायचं नाही अशी लक्षणं

बोका असेल आणि तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, पण शू येतच नाही किंवा एखादा थेंब येतो, तर हा लेख वाचणं सोडा आणि डॉक्टरकडे पळा, रात्र असली तरी. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, तिच्यात बारीक खडे किंवा चिकट गोळा अडकला की शू तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसात जीव जाऊ शकतो. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय, कारण बसण्याची पद्धत तशीच दिसते, आणि मग घरी एरंडेल पाजत बसतात. असं करू नका. तसंच पूर्ण दिवसभर काहीच न खाणं, सारख्या उलट्या, शूमध्ये रक्त, अचानक डोळ्यांनी दिसेनासं होऊन भिंतीला धडकणं, मागचे पाय एकदम लुळे पडणं, ह्यातलं काहीही असलं तरी उद्या बघू म्हणायचं नाही.

पहिली पायरी: आठवडाभर वही ठेवा

वरचं काही नसेल तर डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या आणि तोपर्यंत एक साधी वही घाला. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण लिहाच, कारण डॉक्टरसमोर बसल्यावर "कधीपासून?" विचारलं की आपल्याला काही आठवत नाही. काय लिहायचं, तर शी की शू, कुठे, किती वाजता, किती मोठं थारोळं, रंग कसा, आडव्या जागी की भिंतीवर उभं. ट्रेमध्ये जातंय का, गेलं तर आत किती वेळ थांबतं, बाहेर येताना उडी मारून पळतं का. जमलं तर व्हिडिओ घ्या, मांजर दवाखान्यात कधीच घरच्यासारखं चालत नाही, भीतीने गोठून बसतं, त्यामुळे घरातला चालण्याचा आणि सोफ्यावर चढण्या-उतरण्याचा व्हिडिओ डॉक्टरला फार उपयोगी पडतो.

पाणीही मोजा. सकाळी भांड्यात मोजून पाणी घाला, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. एका किलो वजनामागे दिवसाला ५० मिलीच्या वर पाणी जात असेल, म्हणजे ४ किलोचं मांजर २०० मिलीपेक्षा जास्त पीत असेल, तर ते डॉक्टरला नक्की सांगा. आणि वजन करा. मांजर काट्यावर उभं राहत नाही, तर त्याला घेऊन तुम्ही काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. ४ किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम कमी झाले तर तो दहावा हिस्सा झाला, आपल्या डोळ्याला हे दिसत नाही कारण केसांत झाकलं जातं.

ह्या वहीतून बराच अंदाज येतो. मोठी मोठी थारोळी, पाण्यासारखी फिकट शू आणि वासही कमी, तर किडनी, मधुमेह किंवा थायरॉईडकडे बोट जातं. थोडी थोडी, सारखी, गुलाबी छटा किंवा करताना ओरडणं, तर मूत्राशयाची सूज, इन्फेक्शन किंवा खडा. ट्रेच्या अगदी शेजारी, कधी कडेवरूनच बाहेर, तर बिचारं ट्रेपर्यंत पोचतंय पण चढता येत नाहीये किंवा आत वाकून बसता येत नाहीये, म्हणजे सांधे, किंवा मग ट्रेच त्याला आवडत नाहीये. झोपल्या जागी ओलं आणि त्याला पत्ताच नाही, तर ताबा सुटलाय. चालता चालता कडक लेंडी पडली, तर बद्धकोष्ठ. आणि शेपटी उभी थरथरवून भिंतीवर फवारा मारत असेल तर ते हद्द आखणं आहे, ते नसबंदीचं ऑपरेशन झालेली मांजरंही कधीकधी करतात, बहुतेक वेळा खिडकीबाहेर एखादं नवीन मांजर फिरायला लागलेलं असतं.

घरात दोन-तीन मांजरं असतील तर म्हाताऱ्यावर आळ घेण्याआधी खात्री करा, एक दिवस वेगळ्या खोलीत ठेवा किंवा जुना फोन कॅमेरा म्हणून लावा.

दुसरी पायरी: डॉक्टर, आणि काय काय तपासायला सांगायचं

इथे थोडं स्पष्ट बोलते. आम्ही पहिल्यांदा जिथे गेलो तिथे काही न तपासता अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊन पाठवलं, दोन दिवस बरं वाटलं आणि मग परत तेच. तेव्हा तपासणीचा आग्रह आपणच धरायचा. म्हाताऱ्या मांजरासाठी किमान हे हवं: शूची तपासणी, रक्ताची तपासणी ज्यात क्रिएटिनिन, युरिया, साखर आणि थायरॉईडचं टी-फोर असेल, बीपी, हाताने सांधे आणि पोट तपासणं, आणि शक्य असेल तर पोटाची सोनोग्राफी, खडा किंवा गाठ असली तर त्यात दिसते. शूच्या तपासणीत घनता बघायला सांगा. मांजराची शू मुळात खूप दाट असते, आणि तिची घनता १.०३५ च्या खाली आली तर किडनीकडे किंवा इतर कारणांकडे नीट बघावं लागतं. किडनी कमकुवत झाली की शू पातळ होते आणि पातळ शूमध्ये जंतू सहज वाढतात, म्हणून म्हाताऱ्या भाट्यांना (माद्यांना) इन्फेक्शन पटकन होतं आणि वरवर काही लक्षण दिसतही नाही. शक्य असेल तर कल्चर (शूमधले जंतू वाढवून बघायची तपासणी) करून घ्या, म्हणजे नेमकं कुठलं औषध लागू पडेल ते कळतं, आणि कल्चरसाठी डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतात, ऐकायला भयंकर वाटतं पण चिंगीने डोळे मिटायच्या आत झालं होतं.

साध्या तपासणीचा नमुना घरी घेता येतो. ट्रे रिकामा करून स्वच्छ धुवा, वाळवा, त्यात फिशटँकची धुतलेली गुळगुळीत खडी पसरा, तिच्यात शू शोषली जात नाही, आणि मांजर जाऊन आलं की ट्रे तिरका करून नव्या सिरिंजने ५ मिली ओढून घ्या. तासा-दोन तासात पोचवा, नाहीतर बंद डबीत फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी न्या.

सांध्यांबद्दल वेगळं सांगते कारण हेच सगळ्यात जास्त हुकतं. १२ वर्षांवरच्या मांजरांचे एक्सरे काढले तर बहुतेकांमध्ये सांध्यांची झीज दिसते. पण मांजर कुत्र्यासारखं लंगडत नाही, दुखतंय म्हणून रडत नाही, ते फक्त उंच उड्या मारणं सोडतं, टेबलावर जायला आधी खुर्चीवर चढतं, पाठीचा मागचा भाग चाटेनासं होतं आणि तिथे केसांच्या गुठळ्या होतात, नखं वाढून जाड होतात. आपण म्हणतो शांत झालंय हो वयाने. शांत नाही झालेलं, दुखतंय. ह्यावर औषधं आहेत, पण ती डॉक्टरनेच किडनीचा रिपोर्ट बघून द्यायची. घरातली पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, आयब्युप्रोफेनचंही तेच, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, विशेषतः प्रेमाने औषध देणाऱ्या आजी-आजोबांना.

अजून एक, आधीपासून काही औषध चालू असेल तर त्याची यादी न्या. स्टिरॉइड आणि हृदयासाठी देतात ती पाणी काढणारी गोळी, दोन्हींमुळे शू वाढते. आणि स्टिरॉइडमुळे मांजरात मधुमेहही उठू शकतो.

किडनी पूर्ववत होत नाही, पण योग्य खाणं, बीपीची गोळी, गरज लागली तर त्वचेखाली दिलेलं सलाईन (हे घरी द्यायला शिकता येतं) ह्यावर मांजर बराच काळ चांगलं जगू शकतं. थायरॉईडला रोजची गोळी असते, मधुमेहाला इन्सुलिन. आजार आटोक्यात आला की अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात गायी-म्हशींचं काम जास्त असतं आणि मांजराची सगळी तपासणी तिथे होईलच असं नाही, तिथल्या डॉक्टरांना विचारून जवळच्या शहरात एकदा जाऊन या, एकाच फेरीत सगळं करून घ्या. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल पिढ्यान् पिढ्या लोकांना माहीत आहेच. नेताना बास्केटमध्ये त्याचं रोजचं, न धुतलेलं अंथरूण घाला आणि वरून टॉवेल टाका.

तिसरी पायरी: ट्रे

हे काम तपासण्या चालू असतानाच करायचं, रिपोर्टची वाट बघायची नाही.

बाजारातले बहुतेक ट्रे म्हाताऱ्या मांजरासाठी चुकीचे असतात. कड उंच, आकार लहान, वर झाकण. तुमच्या मांजराची नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी मोजा आणि ट्रे त्याच्या दीडपट लांब हवा, म्हणजे आत नीट वळता येतं. आत शिरायची कड ५ ते ७ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. असा तयार ट्रे मिळत नाही म्हणून आम्ही कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा चौकोनी डबा आणला, बिनझाकणाचा, आणि एका बाजूला गरम सुरीने कापून दार केलं. कापलेली कड धारदार राहते, ती पॉलिश पेपरने घासा आणि वरून जाड चिकटपट्टी लावा, नाहीतर पोटाला कापतं. बाकी तीन बाजू उंचच राहू द्या, कारण सांधे दुखणारी मांजरं पूर्ण खाली न बसता अर्धवट उभ्यानेच शू करतात आणि ती कडेवरून बाहेर जाते. हे एवढं काम केलं तर पुष्कळ घरांतली "ट्रेच्या बाजूला करते" ही तक्रार तिथेच संपते. प्लास्टिकचं पसरट घमेलंही चालतं, खूप जण तेच वापरतात, फक्त मोठ्यात मोठं घ्या आणि त्यात ते स्थिर उभं राहतंय ना, घमेलं कलंडत नाही ना ते बघा. एकदा कलंडलं की मांजर परत त्यात पाय ठेवत नाही.

झाकण काढून टाका. आत वास कोंडतो, आणि दुसरं मांजर बाहेर टपून बसलं असेल तर पळायला वाट नसते.

लिटर बारीक कणांचं, बिनवासाचं. आपल्याला लॅव्हेंडरचा वास छान वाटतो पण मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे. बारीक बेंटोनाईट (एक प्रकारची माती), ज्याचे शू पडली की गोळे होतात, ते बहुतेक मांजरांना आवडतं. लाकडाच्या जाड गोळ्या म्हाताऱ्या पायांना टोचतात. थर मात्र उथळ ठेवा, ३ ते ५ सेंटिमीटर, खोल वाळूत पाय रुततात आणि दुखऱ्या सांध्यांना तोल सांभाळता येत नाही. ज्याने आयुष्यभर रेतीत केलंय त्याला रेतीच द्या, पण धुऊन, चाळून, उन्हात वाळवून. आणि बदलायचंच असेल तर एका दिवसात बदलू नका, जुन्या ट्रेच्या शेजारी नवीन लिटरचा दुसरा ट्रे ठेवा आणि ते कुठे जातंय ते त्यालाच ठरवू द्या. मी जे केलं, दर पंधरवड्याला ब्रँड बदलणं, ते अगदी चुकीचं होतं.

दोनदा दिवसातून शी-शूचे गोळे काढा. किडनीवाल्या मांजराची शू एवढी असते की सकाळी स्वच्छ केलेला ट्रे दुपारपर्यंत ओला होतो, आणि ओल्यात कोण पाय ठेवेल. आठवड्याला एकदा सगळं टाकून ट्रे साध्या सौम्य साबणाने धुवा, उन्हात ठेवा. ट्रेला ओरखडे पडून वास मुरला असेल तर वर्षाला नवा घ्या.

किती ट्रे? मांजरं जितकी त्याहून एक जास्त. एकटं मांजर असलं तरी दोन हवेत, कारण बरीच मांजरं शू एका जागी आणि शी दुसऱ्या जागी करतात. वन बीएचकेमध्ये दोन ट्रे कुठे ठेवायचे हा खरा प्रश्न आहे, मला मान्य आहे. आम्ही एक हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीमागे ठेवला आणि एक बेडरूमच्या दारापाशी. पाहुणे आले की थोडं अवघडल्यासारखं होतं, पण गोधडीपेक्षा बरं. बाल्कनीत ठेवलेला ट्रे म्हाताऱ्याला लांब पडतो, शिवाय पावसात झड येते, उन्हाळ्यात दुपारी फरशी तापते, आणि दार बंद राहिलं की संपलंच. दोन मजली घर असेल तर प्रत्येक मजल्यावर एक हवाच. वॉशिंग मशीनच्या शेजारी नको, ऐन वेळी मशीन फिरायला लागलं तर ते घाबरतं आणि ती जागा कायमची सोडतं. जेवणाच्या भांड्याजवळ तर नकोच नको.

ज्या मांजराने आयुष्यभर बाहेर जाऊनच केलंय, वाड्यात किंवा बंगल्याच्या बागेत, त्याचा प्रकार वेगळा. वय झालं की भिंतीवरून उडी मारवत नाही, बाहेरच्या बोक्यांची भीती वाटते, जूनमध्ये पाऊस लागला की अंगणात चिखल, आणि मग ते मोरीत किंवा चपलांच्या कोपऱ्यात करतं. त्याला ट्रे काय हे माहीतच नाही. ट्रेमध्ये सुरुवातीला अंगणातलीच कोरडी माती घाला, वर मूठभर लिटर, आणि दर दोन-तीन दिवसांनी माती कमी, लिटर जास्त. मोरीत करायची सवय लागली असेल तर ट्रे मोरीतच ठेवा, आणि ते वापरायला लागलं की रोज हातभर सरकवत हव्या त्या जागी आणा. हातभरच. घाई केली की परत पहिल्यापासून.

चौथी पायरी: ट्रेपर्यंतची वाट

आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या मांजराचे मागचे पाय घसरतात. दोनदा घसरलं की ते त्या बाजूला जाणंच टाळतं. झोपायच्या जागेपासून ट्रेपर्यंत आणि पाण्यापर्यंत पट्ट्या अंथरा, जुनी योगा मॅट कापून लावली तर उत्तम, गोणपाटही चालतं. फक्त मऊ, शोषणारं पायपुसणं नको, त्यावरच शू होईल. रात्री ट्रेजवळ झिरोचा बल्ब चालू ठेवा, बीपीमुळे किंवा वयाने नजर कमी झालेल्या मांजराला अंधारात ट्रे सापडत नाही. दारं बंद होणार नाहीत असं काहीतरी अडकवा. नखं दोन-तीन आठवड्यांनी कापा. आणि पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजराचे मागचे केस बारीक करून घ्या, शी केसांत अडकली की ते तसंच घरभर फिरतं आणि आपण म्हणतो घाण करतं.

पाचवी पायरी: साफसफाई, इथे बहुतेक घरं चुकतात

फिनाईल बंद करा. पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं ते अँटिसेप्टिकही बंद. ह्यातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराचं लिव्हर नीट पचवू शकत नाही, ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. अमोनियावालं क्लीनर वापरलं तर त्याचा वास शूसारखाच असतो, मांजराला वाटतं इथे करायची जागा आहे. आणि ब्लीच शूवर ओतू नका, शूमधल्या अमोनियाबरोबर त्याचा विषारी वायू होतो, तुमच्याही छातीला त्रास.

मग करायचं कसं. ताजी शू असेल तर आधी जुन्या सुती कपड्याने किंवा वर्तमानपत्राने दाबून टिपा, घासू नका, घासलं की आत जाते. मग गार पाणी टाकून परत टिपा. मग एन्झाइमवालं क्लीनर, पेट शॉपमध्ये मिळतं, आणि ते ओतून लगेच पुसायचं नाही, डबीवर लिहिलेला वेळ त्याला ओलं राहू द्यायचं, कारण वासाचे कण तोडायला वेळ लागतो. शूमधलं युरिक ॲसिड साध्या पाण्याने जात नाही, आपल्या नाकाला वास गेला तरी दमट हवेत, पावसाळ्यात तर हमखास, तो परत उठतो. एन्झाइम क्लीनर नसेल तर कपड्यांची ज्यावर एन्झाइम लिहिलंय अशी पावडर कोमट पाण्यात पातळ करून लावा, मग दोनदा स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळवा. कापडाच्या कोपऱ्यावर आधी रंग जातो का बघून घ्या.

जुने डाग शोधायला छोटी यूव्ही टॉर्च मिळते, रात्री सगळे दिवे बंद करून फिरवा, सुकलेली शू चमकते. मी पहिल्यांदा फिरवली तेव्हा सोफ्याच्या मागे, टीव्हीच्या स्टँडखाली, अशा जागा सापडल्या ज्या मला माहीतच नव्हत्या, आणि त्या तशाच राहिल्या असत्या तर बाकीचं सगळं करून उपयोग नव्हता. टाइल्सच्या सांध्यांत मुरलेलं असेल तर एन्झाइमचं पाणी तिथे ओतून वर ओला कपडा टाकून रात्रभर ठेवा.

कापसाची गादी आतपर्यंत भिजली असेल तर खरं सांगायचं तर ती वाचत नाही, कापूस पिंजून, खराब झालेला काढून, नवी खोळ घालून घ्या. पुढच्यासाठी चादरीखाली मेणकापड, बाळासाठी वापरतो तेच. गोधड्या-रजया थोडे दिवस दिवसा कपाटात. ज्या जागी वारंवार होतंय तिथे साफ केल्यावर त्याचं जेवणाचं ताट किंवा झोपायची टोपली ठेवा, मांजर जेवते त्या जागी सहसा घाण करत नाही. आणि एकच जागा हट्टाने धरली असेल तर सरळ तिथेच ट्रे ठेवा, जागा तुम्हाला आवडो न आवडो, महिनाभर ठेवा, नंतर सरकवा.

सहावी पायरी: खाणं, पाणी, आणि शीचा प्रश्न

शू जास्त होते म्हणून पाणी कमी करायचं हा सल्ला मला दोघांनी दिला. अजिबात करू नका. कमकुवत किडनीचं मांजर पाणी शरीरात धरून ठेवू शकत नाही, पाणी तोडलं तर दोन दिवसात आजारी पडेल. उलट घरात तीन-चार ठिकाणी पसरट भांड्यात पाणी ठेवा, खाण्यातही ओलसरपणा वाढवा, कोरड्या दाण्यांवर कोमट पाणी, किंवा मीठ-मसाला-कांदा-लसूण नसलेलं चिकनचं पाणी. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहे, म्हणून आपल्या आमटीतलं किंवा माशाच्या कालवणातलं काहीच नको.

दूध बंद. माहितीये, आपल्याकडे मांजर म्हटलं की दूधभात. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, शी पातळ होते आणि पातळ शी ट्रेपर्यंत थांबत नाही.

उलटा प्रकार बद्धकोष्ठाचा, म्हाताऱ्यांत हा जास्त. शरीरात पाणी कमी, हालचाल कमी, सांधे दुखतात म्हणून नीट बसवत नाही, मग ट्रेमध्ये थोडा जोर करून दुखलं की ते बाहेर पळतं आणि पळता पळता जिथे होईल तिथे लेंडी पडते. ट्रेचा संबंध दुखण्याशी जोडला की ते ट्रेवरच रुसतं. दोन दिवस शी नाही झाली तर डॉक्टरांना फोन करा, ते लॅक्ट्युलोजसारखं औषध वजनाप्रमाणे सांगतील. माणसांचं जुलाबाचं औषध, एनिमा घरी देऊ नका, त्यातले काही प्रकार मांजराचा जीव घेतात.

सातवी पायरी: डोकं आणि मन

सगळं तपासून झालं, ट्रे बदलला, तरी होतंय, तर मग ह्या बाजूला बघायचं. १५ च्या पुढच्या बऱ्याच मांजरांना विसरभोळेपणा येतो, माणसांच्या म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशासारखाच. रात्री तीन वाजता मोठ्याने हंबरल्यासारखं ओरडणं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, जेवून लगेच परत जेवण मागणं, ट्रे शोधत फिरणं. त्यांना रोजचं सगळं एकाच वेळी, एकाच जागी लागतं, म्हणून फर्निचर हलवू नका. रात्री एकाच खोलीत ट्रे, पाणी, अंथरूण, मंद दिवा असं ठेवा म्हणजे शोधावं लागत नाही. पण रात्रीच्या ओरडण्याला लगेच विसरभोळेपणा म्हणू नका, वाढलेलं बीपी आणि थायरॉईडमध्येही मांजर तसंच ओरडतं.

ताण हे दुसरं कारण. घरात नवं बाळ, नवं मांजर, रंगकाम, बदललेलं घर, माणूस गेलेलं घर. गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके तर दरवर्षीचे, त्या दिवसांत एक आतली खोली पडदे लावून, ट्रे-पाणी आत ठेवून तिला द्या. तरुण मांजर म्हाताऱ्याची वाट अडवत असेल तर ट्रे दोन वेगळ्या खोल्यांत हवेत, शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशोबाने एकच. फेरोमोनचं, म्हणजे मांजराला शांत करणारं द्रव्य हवेत सोडणारं, प्लगमध्ये लावायचं डिफ्यूजर काहींना लागू पडतं, महिनाभर लावून बघा. मनावरची औषधं असतात, पण ती तपासण्यांनंतर डॉक्टरने द्यायची.

ताबाच सुटलेल्या मांजराला डायपर घालता येतो, नवजात बाळाच्या डायपरला शेपटीसाठी भोक पाडून, पण तो दर तीन-चार तासांनी बदलावा लागतो आणि अंग कोमट पाण्याने पुसून कोरडं करावं लागतं, नाहीतर कातडी सोलवटते. चालता येणाऱ्या, ट्रे शोधू शकणाऱ्या मांजराला केवळ आपली सोय म्हणून डायपर नको. आणि ज्यांचं मांजर आता खात नाही, उठत नाही, ओल्यातच पडून राहतं, त्यांनी डॉक्टरशी मोकळेपणाने बोला, त्याला किती त्रास होतोय आणि तो कमी करता येईल का हे थेट विचारा. असं विचारल्याने माया कमी होत नाही.

किती दिवसात फरक पडेल? इन्फेक्शन असेल तर औषधाने आठवड्याभरात, सांधे आणि ट्रेचा प्रश्न असेल तर दोन ते चार आठवडे धरा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणजे कशाने फरक पडला ते वहीत कळेल. दर महिन्याला वजन, दर सहा महिन्यांनी रक्त आणि शूची तपासणी.

चिंगी आता १६ ची आहे. हॉलमधला कापलेला डबा तिने दुसऱ्या दिवशी वापरायला घेतला, आणि मधल्या काळात बाहेर एकदाही नाही. मागच्या महिन्यात परत पायपुसण्यावर शू दिसली, तेव्हा त्याच दिवशी खडी घालून नमुना घेतला आणि नेला. इन्फेक्शन निघालं, कल्चर करून औषध दिलं, पाचव्या दिवसापासून ती परत डब्यात जायला लागली. पायपुसणं मात्र मी कायमचं उचललंय, आता तिथे रबरी मॅट आहे.